सीता अशोकाचं बी माणसाची तारीख पाळत नाही

प्रति,
सह्याद्रीत आणि कोकणात दर पावसाळ्यात झाडं लावायला येणाऱ्या कंपन्या, महाविद्यालयं, ट्रेकिंग ग्रुप, सेवाभावी संस्था आणि आमच्या ग्रामपंचायती

विषय : सीता अशोकाची लागवड

स. न. वि. वि.

मी सिंधुदुर्गातल्या एका लहान गावात राहते. शाळेतली नोकरी संपल्यावर परसदारी छोटी रोपवाटिका सुरू केली, तिला आता १४ वर्षं झाली. रोपं विकते थोडी, वाटते जास्त. हे पत्र लिहायचं मनात बरेच दिवस होतं, पण गेल्या पावसाळ्यात जे पाहिलं त्यानंतर राहवलं नाही.

आमच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर एक गट रोपं लावायला आला होता. पन्नास-साठ कॉलेजची मुलं, गुडघाभर चिखलात, भर पावसात. बॅनरवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सीता अशोक लागवड’. मला इतका आनंद झाला की चहाची किटली घेऊनच मी खाली उतरले. टेम्पोजवळ पोचले आणि थबकले. टेम्पोत चारशे रोपं होती, आणि त्यांतलं एकही सीता अशोकाचं नव्हतं. सोसायट्यांच्या कुंपणाला आणि शाळांच्या फाटकाशी रांगेत उभा असतो ना, सरळसोट, खांबासारखा, खाली झुकलेल्या लांब पानांचा, तो हिरवा अशोक होता सगळा. मुलं मनापासून खड्डे भरत होती. त्यांना त्या क्षणी काय सांगायचं, मला कळेना. चहा दिला आणि परत आले. त्या दिवशी जे बोलता आलं नाही, ते आज लिहिते आहे.

आधी ओळख. हिरवा किंवा खोटा अशोक म्हणतात ते झाड सीताफळाच्या कुळातलं. त्याचं पान साधं, एकेकटं, कडेला लाटा असलेलं. फूल हिरवट, पानांत शोधावं लागतं. सीता अशोक चिंच-बहाव्याच्या मोठ्या गोतावळ्यातला. त्याचं पान संयुक्त असतं, एका दांड्यावर चार ते सहा जोड्या पर्णिका. फूल शोधावं लागत नाही, माघ-फाल्गुनात झाडच पेटल्यासारखं दिसतं. गुच्छ नुसते फांदीच्या टोकाला येत नाहीत, जुन्या जाड फांद्यांवर आणि कधी थेट खोडावरही फुटतात. फूल उमलतं तेव्हा पिवळं-नारिंगी असतं, मग दिवसागणिक लाल होत जातं, म्हणून एकाच गुच्छात तिन्ही रंग दिसतात. त्यात पाकळ्या नसतातच. आपण पाकळ्या समजतो ती रंगीत निदलं, म्हणजे कळीला झाकणारी दलं, आणि त्यांतून लांब बाहेर आलेले पुंकेसर. संध्याकाळी वास दूरवर जातो.

नावाचा घोळ नवा नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं या झाडाला संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांच्या सन्मानार्थ ‘जोनेसिया असोका’ म्हटलं होतं. पुढे कित्येक वर्षं आपल्याकडच्या पुस्तकांत हे झाड ‘सराका इंडिका’ या नावानं छापलं गेलं, पण ते नाव जावाकडच्या दुसऱ्याच जातीचं. आपला तो ‘सराका असोका’. शहरातल्या नर्सऱ्यांत हल्ली थायलंड-मलेशियाकडची पिवळ्या मोठ्या गुच्छांची सराकाही ‘सीता अशोक’ म्हणून मिळते. बंगल्याच्या बागेत ती लावायला माझी हरकत नाही. पण जंगल परत आणायचं म्हणून जी लागवड करता, तिथे मागणीपत्रावर नुसतं ‘अशोक’ लिहू नका. पूर्ण नाव लिहा, पान ओळखणारा एक माणूस टेम्पो उतरवताना उभा ठेवा. एवढ्यानं चारशे खड्ड्यांचे कष्ट वाचतात.

आता मुख्य गोष्ट. हेच झाड कशासाठी?

तुमच्यातले काही जण म्हणतील, जंगलाला मोकळं सोडलं तर ते आपलं आपण वाढतं. अर्धं खरं आहे. आमच्या शेजारचा एक डोंगर वीस वर्षांपूर्वी कोळशासाठी साफ तोडला होता. नंतर मालकानं तो तसाच सोडला. आज तिथे काय आहे? आधी चांदाडा आला, मग शेंदरी, जांभूळ, उंबर, पायर, भेरलीमाड, कुठे कुठे आटक. एकही माणसानं लावलेलं नाही. बुलबुल, कोकीळ, हरोळ्या, वटवाघळं, उदमांजरं फळं खातात आणि विष्ठेतून बी पसरवतात. जिथे बसायला एक फांदी आहे आणि जवळ जुनं जंगल आहे, तिथे ही झाडं येतातच.

पण त्या डोंगरावर सीता अशोक नाही. एकही नाही. वीस वर्षांत नाही आला, आणि जवळच्या रायीत, म्हणजे देवराईत, मात्र सात मोठी झाडं आहेत, चालत पंधरा मिनिटांवर.

कारण त्याच्या शेंगेत आहे. शेंग हातभर नसली तरी वीतभर, चपटी, चामड्यासारखी, कोवळेपणी जांभळट. आत चार ते आठ बिया, चांगल्या मोठ्या, वजनदार, चपट्या. बीला गर नाही, गोडवा नाही, पाखरानं चोचीत धरून न्यावं असं काही नाही. वाऱ्यावर उडायला पंख नाहीत. शेंग तडकते, बी धपकन खाली पडतं, थोडं घरंगळतं, जमलं तर व्हाळाच्या पाण्याबरोबर खाली जातं. चढ चढून पलीकडच्या डोंगरावर ते कधीच जात नाही. जंगल सलग होतं तेव्हा त्याला चढायची गरजही नव्हती, एका झाडाच्या सावलीत पुढचं झाड, असं करत ते हजारो वर्षं व्हाळाकाठानं सरकत राहिलं. आपण मधे रस्ते काढले, काजू लावला, रबर लावला, डोंगरउतार जेसीबीनं सपाट केला. आता ते सरकणार कुठून?

म्हणून माझी पहिली विनंती. जे पाखरं आणतात ते पाखरांवर सोपवा. जांभळाची आणि उंबराची हजार रोपं व्हाळाकाठी लावण्यात तुमचे पैसे घालवू नका, तिथे फक्त वणवा आणि कुऱ्हाड अडवा. तुमचे हात त्या झाडांसाठी वापरा ज्यांना न्यायला आता कुणी उरलं नाही. सीता अशोक त्यांत पहिला. रानजायफळही त्यांतलंच, कारण त्याचं बी गिळणारे धनेश जिथे संपले तिथे तेही अडकून पडलं आहे.

दुसरी विनंती तुमच्या कॅलेंडरबद्दल आहे, आणि मला वाटतं खरी अडचण इथेच आहे.

भाताचं बियाणं वाळवून कणगीत ठेवलं की वर्षानं पेरलं तरी उगवतं. बाभळीचं, सुबाभळीचं, ग्लिरिसिडियाचं बी पोत्यात भरून गोदामात राहतं, हवं तेव्हा काढता येतं. सरकारी रोपवाटिकांत आणि कंत्राटांत ही झाडं इतकी का दिसतात, त्याचं मोठं कारण हेच, त्यांचं बी माणसाची वाट बघतं. सदाहरित जंगलातल्या बऱ्याच झाडांचं बी वाट बघत नाही. सुकलेली आंब्याची कोय आणि फणसाची आठळी रुजत नाही, हे कोकणातल्या कुठल्याही घरात माहीत असतं. सीता अशोक त्याच जातकुळीचा. बी पडतं आषाढ-श्रावणात, भर पावसात, ओल्या पाचोळ्यावर. ते ओलं असतानाच मातीत जायला हवं. घरी आणून सुपात वाळत घातलं की काही आठवड्यांत त्याचा जीव जातो. वरून मात्र ते चांगलं टणक आणि तपकिरी दिसत राहतं, त्यामुळे विकत घेणाऱ्याला कळत नाही.

मला हे शिकवलं आमच्या रायीच्या राखणदार कुटुंबातल्या एका म्हाताऱ्या काकांनी. पहिल्या वर्षी मी दोनशे बिया गोळा करून नीट पुसून, कागदी पिशव्यांत नावं घालून ठेवल्या होत्या, गणपतीनंतर सवडीनं लावीन म्हणून. उगवल्या अकरा. काका बघायला आले आणि म्हणाले, “बाये, बी पडला की त्याच आठवड्यात मातयेत जावंक व्हया. घरात हाडून ठेवशात तर मरतला.” पुढच्या वर्षी मी तसंच केलं. पावसात टोपली घेऊन गेले, त्याच दिवशी लावलं. दहांतल्या आठ बिया वर आल्या.

आता तुमच्याकडे कसं चालतं ते बघा. निधी मंजूर होतो मार्च-एप्रिलमध्ये. मे महिन्यात रोपांची मागणी निघते. ५ जूनला पर्यावरण दिनाचा कार्यक्रम, तोवर आमच्याकडे पाऊस कधी आलेला असतो, कधी नसतो. जुलैत फोटो. म्हणजे रोप मागितल्यापासून लावेपर्यंत सहा-आठ आठवडे. सीता अशोकाचं रोप मात्र सावकाश वाढतं, सावलीत किमान दोन पावसाळे काढल्याशिवाय ते जंगलात उभं राहत नाही. मे महिन्यात पुरवठादाराला ‘सीता अशोक, पाचशे नग’ असा निरोप गेला तर तो बिचारा आणणार कुठून? गोदामात जे आहे तेच येणार. मुलांच्या हातात चुकीचं रोप आलं ते कुणाच्या लबाडीमुळे असं मी म्हणत नाही. आपण झाडाला आपल्या आर्थिक वर्षात बसवू पाहतो, तिथे ही चूक सुरू होते.

तेव्हा पहिलं वर्ष लागवडीचं नकोच. पहिल्या वर्षीच्या पैशातून बी गोळा करणारी माणसं आणि रोपवाटिका उभी करा. आषाढात येऊन बी वेचा, गावातल्या बायकांना त्याची मजुरी द्या, इथेच पेरा. तिसऱ्या पावसात तुमची मुलं घेऊन या. अहवालात पहिली दोन वर्षं ‘लावलेली झाडं : शून्य’ असं लिहावं लागेल. ते धैर्यानं लिहा. तुमच्या वरिष्ठांना समजावताना माझं हे पत्र दाखवलंत तरी चालेल.

हे काही स्वप्नातलं काम नाही. तमिळनाडूत अनैमलईच्या डोंगरांत, वालपाराईच्या चहामळ्यांमध्ये अडकलेल्या जंगलाच्या तुकड्यांत, नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनच्या दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी वीस वर्षांहून अधिक काळ हेच केलं आहे. स्थानिक झाडांचं बी जमवायचं, स्वतःच्या रोपवाटिकेत वाढवायचं, घाणेरीसारखं परकं तण काढायचं आणि मग अनेक जातींची मिसळ लावायची. शंभराहून अधिक देशी जाती त्यांच्या रोपवाटिकेत वाढल्या. चहाच्या कंपन्यांनाही त्यांनी या कामात बरोबर घेतलं. तिथेही सह्याद्रीच आहे, आमच्याच डोंगररांगेचा दक्षिणेकडचा भाग.

रोपवाटिकेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मी रोज हात घालते. वाफा झाडाखाली असावा, उन्हात नको. निम्मी रेती, निम्मा कुजलेला पाचोळा. जंगलाखालची मूठभर माती मिसळली तर उत्तम. बी आडवं ठेवायचं, बोटाच्या पेराएवढं खोल, त्याहून नाही. वरून जाळी हवीच, उंदीर आणि साळिंदर एका रात्रीत वाफा मोकळा करतात. तीन-चार आठवड्यांत कोंब येतो. पिशवी लहान घेऊ नका. याचं सोटमूळ लवकर खाली जातं, बुटक्या पिशवीत ते तळाशी गोल फिरतं आणि तसं वेटोळं झालेलं रोप जमिनीत लावलं की चार वर्षांनी वाऱ्यानं कलंडतं. आणि बी एकाच झाडाचं घेऊ नका. सात झाडं असतील तर सातांखालचं घ्या, दुसऱ्या गावच्या रायीतलं थोडं मिळालं तर आणखी बरं. सगळंच्या सगळंही वेचू नका. निम्मं तिथेच राहू दे, ते रायीचं आहे.

एक गोष्ट स्वयंसेवकांना नक्की सांगा. सीता अशोकाची नवी पालवी तांबूस, मऊ, आणि ओल्या फडक्यासारखी खाली लोंबणारी असते. संस्कृतात त्याला ताम्रपल्लव म्हणतात ते त्यामुळेच. काही दिवसांनी पान हिरवं होतं, ताठ होतं. ज्यांना हे ठाऊक नसतं त्यांना वाटतं रोप कोमेजलं. माझ्याकडून नेलेली तीसेक रोपं एकांनी ‘मेली’ म्हणून उपटून टाकली होती. ती रोपं तेव्हा वाढीला लागली होती.

लावायचं कुठे? कातळसड्यावर नाही, रस्त्याच्या कडेला उघड्या उन्हात नाही, शाळेच्या मैदानात तर नाहीच. हे सावलीचं आणि ओलाव्याचं झाड आहे. व्हाळाचा काठ, घळ, पाणवठ्यावरची जुनी राय, दोन झऱ्यांच्या मधला दमट उतार, अशा जागी त्याचा जीव रमतो. तोडलेल्या डोंगरावर आधी चांदाडा-शेंदरी वाढू देत. ती झाडं आठ-दहा फूट झाली की त्यांच्या पायाशी अशोक लावा. त्या झाडांना कृपा करून ‘झुडपं’ म्हणून साफ करू नका. खड्डे खणायच्या आधी उतार ‘स्वच्छ’ करायची सवय फार नुकसान करते. जिथे चाळीसेक वर्षांपूर्वी लावलेला ऑस्ट्रेलियन अकेशिया उभा आहे, तिथेही तो एका दमात तोडू नका, त्याच्या विरळ सावलीचा उपयोग करून घ्या आणि देशी रोपं वर आली की टप्प्याटप्प्यानं काढा.

आणि एकट्या अशोकाचंही वन करू नका. त्याच्या शेजारी कोकम, पाटफणस, नागचाफा, ओवळ, सुरंगी, रानजायफळ अशी त्याची खरी सोबत लावा. थोड्या जागेत दाट झाडं लावायच्या मियावाकी पद्धतीबद्दल तुम्ही विचाराल, दरवेळी कुणीतरी विचारतंच. अकिरा मियावाकींचा मूळ आग्रह त्या जागेच्या नैसर्गिक जंगलातली झाडं शोधण्याचा होता. तेवढं घ्या. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं कोंबण्याची घाई शहरातल्या गुंठाभर जागेसाठी ठीक असेल, आमच्या डोंगराला ती नको.

आता जे झाड उभं आहे त्याबद्दल. सीता अशोकाची साल स्त्रियांच्या विकारांवरच्या औषधांत लागते, अशोकारिष्ट तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. मागणी मोठी, झाडं थोडी, म्हणून बाजारात खोट्या अशोकाची साल मिसळली जाते. आणि जिथे खरं झाड सापडतं तिथे भोवताली साल सोलली जाते. पूर्ण वेढ्यानं साल काढली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत जायचा मार्गच तुटतो, झाड उभ्या उभ्या वाळतं. १९९८ पासून हे झाड जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेलं आहे. ओडिशाचं ते राज्यफूल, उत्तर प्रदेशचा तो राज्यवृक्ष, पण जंगलात ते शोधायला आता मला दिवस मोडावा लागतो. एक आईझाड गेलं की त्याच्याबरोबर दरवर्षीच्या शेकडो बिया जातात. रोपवाटिकेच्या कितीही पिशव्या त्याची भरपाई करू शकत नाहीत.

म्हणून ग्रामपंचायतींना हात जोडून सांगते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आहे, निदान कागदावर आहे. त्या वहीत गावातला एकेक सीता अशोक लिहा. कुठल्या व्हाळाकाठी, कुणाच्या सर्व्हे नंबरात, घेर किती, फुलतो कधी, बी पडतं कधी. खासगी जमिनीतला असेल तर मालकाशी बोला, दरवर्षीच्या बियांचे पैसे त्याला मिळाले तर तो साल विकणार नाही. रायीतला असेल तर देवस्थानच्या मानकऱ्यांना विचारून, गाऱ्हाणं घालूनच बी उचला. दोडामार्गातल्या बांबर्डेची रानजायफळाची राय देवाच्या नावानं राखली म्हणून टिकली, आणि २०२१ साली तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आमच्या पूर्वजांनी जे श्रद्धेनं केलं ते आपण निदान वहीत नोंदवून पुढे नेऊ.

मोजायचं कसं, हेही बोलायला हवं. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. आकडे लावण्याचे होते. तुम्ही तुमच्या फलकावर दुसरा आकडा लिहा. लावल्यानंतरच्या तिसऱ्या पावसाच्या शेवटी किती रोपं जिवंत आहेत, तो. पन्नास लावून चाळीस जगली असतील तर मी तुमचा सत्कार गावच्या देवळात करीन. आणि लागवडीच्या खर्चातला मोठा हिस्सा लागवडीनंतरच्या तीन उन्हाळ्यांसाठी बाजूला ठेवा. फेब्रुवारीत वणवा अडवणारा जाळपट्टा काढायला, मार्चमध्ये वणव्याच्या वेळी धावायला, मोकाट गुरं हाकायला इथे माणूस लागतो. शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्यांना हे करता येणार नाही, पण गावातल्या दोन तरुणांना वर्षभराचा पगार देता येईल.

माझ्या परसातला पहिला सीता अशोक, त्या अकरांतला एक, गेल्या फाल्गुनात पहिल्यांदा फुलला. एकच गुच्छ, खोडाला चिकटून, गुडघ्याच्या उंचीवर. काका आता नाहीत. त्यांचा नातू बघायला आला होता, बराच वेळ उकिडवा बसून मुंग्यांची रांग बघत राहिला.

आमच्या रायीतल्या सातही झाडांना यंदा शेंगा चांगल्या धरल्या आहेत. आषाढाच्या दुसऱ्या पंधरवड्यात तडकायला लागतील. तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी ग्रामपंचायतीत आधी कळवावं, मानकऱ्यांना सांगून ठेवते. बॅनर नको. घोंगडी किंवा रेनकोट, जळवांसाठी तंबाखूचं पाणी, आणि प्रत्येकी एक टोपली आणा. पिशव्या भरून ठेवल्या आहेत.

आपली,
व्हाळाकाठची एक रोपवाटिकावाली